सिनानच्या फोनवर

डॉ. रिहामने तो फोन करायचं खरं तर काही कारणच नव्हतं.

इराकमधल्या मोसुलच्या त्या हॉस्पिटलात, अपघाताच्या विभागात, रक्तस्राव थांबवणाऱ्या एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू होता. अर्ध्या रुग्णांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय गेलं ते शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. जे जगले त्यांना महिन्याने फोन करून तब्येत विचारायची, जे गेले त्यांचा विषय तिथेच मिटायचा. पण ज्याच्या पोटात हात घालून आपण रक्त अडवलं, त्याच्या घरी सांत्वनाचे दोन शब्दही बोलायचे नाहीत, हे मोसुलच्या बाईला जमायचं थोडंच! रिहामची आई तर गल्लीतल्या भांडकुदळ शेजारणीच्या घरीही दुखवट्याचे तिन्ही दिवस जाऊन बसली होती. तेव्हा टँकरखाली सापडून टेबलावरच गेलेल्या सिनानच्या कागदांवर लिहिलेला नंबर रिहामने लावला.

फोन त्याच्या आईने उचलला. तिकडच्या रीतीप्रमाणे तिला सगळे उम्म सिनान, म्हणजे सिनानची आई, म्हणत.

"उम्म सिनान? मी हॉस्पिटलातून डॉक्टर रिहाम बोलतेय. अल्ला त्याच्यावर रहम करो, खाला. आम्ही फार धडपडलो हो, पण..."

पलीकडून हळूच आवाज आला, "कोणावर, पोरी?"

म्हणजे हिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आजारी माणसाला मरणाची बातमी द्यायची नाही, ही तर इथली घरोघरची रीत. तिच्या स्वतःच्या आजोबांपासून मामाचं जाणं वर्षभर लपवलं होतं. आणि नेमकं आजच ते तिच्या डोक्यात आलं नाही!

"त्याचे भाऊ म्हणतात, उपचाराला तुर्कस्तानात नेलाय," उम्म सिनान म्हणाली. "माझं हृदय अधू आहे ना, म्हणून मला नाही नेलं. घशात नळी आहे म्हणे, बोलता येत नाही. हा फोन त्याचाच. उशाशी घेऊन झोपते. वाटायचं, एकदा तरी स्वतःच्या नंबरावर लावून बघेल."

रिहाम एवढंच म्हणाली, "खाला, माफ करा..."

"दुखलं का गं त्याला?"

"नाही. गुंगीत होता."

"आणि ते नवं औषध? त्याच्या भावाने, यझनने, सही केली होती म्हणे त्यासाठी. ते दिलं ना?"

"दिलं, खाला," रिहाम म्हणाली. औषध होतं की पाणी, देव जाणे.

म्हातारी रडली. खूप रडली. मग नाक पुसत म्हणाली, "यझनला सांगू नकोस मला कळलंय ते. दोघं भाऊ रोज समोर बसून तिकडच्या डॉक्टरांच्या गमती रचून सांगतात, मला हसवतात आणि गच्चीवर जाऊन रडतात. मी रडले तर आईही गेली म्हणून धास्तीनेच मरतील मेले. तू करत जा फोन, ते कामावर असताना. तुझ्यापाशी रडेन."

रिहाम फोन करत राहिली. बोलणं थोडं, रडणंच जास्त. मध्येच मुलं घरी येऊन दार वाजलं की उम्म सिनान शेजारणीशी बोलत असल्यासारखा आवाज चढवायची, "हो हो बाई, बराय आता! काल सूप प्यायला म्हणे!"

अभ्यास संपला. औषध खरंच गुणाचं निघालं. कुणाला काय दिलं होतं ते उघड झालं, आणि रिहामने सगळ्यांत आधी सिनानचं नाव शोधलं. त्याच्या वाट्याला पाणी आलं होतं.

त्या दुपारीही तिने फोन लावला.

"तुमच्या त्या औषधाचं काय झालं गं?" उम्म सिनानने आपणहून विचारलं.

"वाचतात माणसं त्याने, खाला. पुष्कळ वाचतील."

"चांगलं झालं. लोकांची लेकरं तरी वाचू देत. माझ्याला देऊनही गेला, त्याचं आयुष्यच तेवढं. नाहीतर जन्मभर वाटलं असतं, मिळालं असतं तर राहिला असता."

रिहामला हुंदका आवरेना.

"वेडी कुठली! तू का रडतेस?" म्हातारी तिलाच समजावू लागली. "तू तर दिलं होतंस ना?"

"हो, खाला," रिहाम म्हणाली. "दिलं होतं."

पलीकडे दार वाजलं.

"बराय हो तो!" उम्म सिनान मोठ्याने म्हणाली. "लवकरच येईल घरी."