लुओ गुरुजींचं गुळगुळीत नाणं

मी एक जुनं पितळी नाणं आहे. पोटात चौकोनी भोक, एका बाजूला चार अक्षरं, दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे, होती. आता हात फिरवाल तर दोन्ही बाजू सारख्याच लागतील.

मित्रांनो, युआन नदीच्या धक्क्यावर आंधळे लुओ गुरुजी कौल पाहत. कासवाच्या कवचात आम्हा तीन नाण्यांना खुळखुळवून ते सहा वेळा पाटावर टाकत, बोटांनी चाचपत आणि खालून वर एकेक रेघ मांडत; सहा रेघांची एक आकृती होई. तिन्ही नाण्यांची एकच बाजू वर आली, की ती रेघ पिकली म्हणायची. पिकलेली रेघ उलटते आणि एका आकृतीतून दुसरी जन्मते. पहिली आजची, दुसरी पुढची.

सगळ्यांत जुनं म्हणून माझा मान मोठा. येणारा प्रत्येक जण शकुन म्हणून माझ्यावर अंगठा घासून जाई. त्या कौतुकानंच माझी अक्षरं खाल्ली; डोळ्यांना ती पुसट दिसत, पण बोटांना लागत नसत.

"अहो, हे नाणं बदला आता," गुरुजींची बायको म्हणे.

"तू तुझा भात बघ. माझ्या बोटांना शिकवू नकोस!"

एका सकाळी युएशिन आली. नदी फुगली होती, आणि पावसामुळे इतके दिवस अडकलेला तिचा नवरा लाकडांचा तराफा सोडायला निघाला होता.

"आज जाऊ देऊ का त्यांना, गुरुजी?"

तिसऱ्या फेकीला आम्हा तिघांचीही चार अक्षरं वर आली. रेघ पिकली होती. पण गुरुजींचं बोट माझ्यावरून घसरलं, आणि माझी दोन अक्षरांची बाजू वर आहे असं त्यांनी धरलं.

"तिन्ही सारखीच दिसतात की, गुरुजी."

"डोळे तुझे, पण विद्या माझी ना? गप बस, पोरी."

खरी आकृती होती 'आवर'. तिच्या पिकल्या रेघेचा बोल असा, की जो स्वतःला आवरत नाही, तो मागून रडतो. ती रेघ उलटली, की मगच पुढची आकृती: थांबलेल्याला मोठी नदी ओलांडणं शुभ. मला चुकीचं वाचल्यानं ती रेघ गुरुजींना आधीच उलटलेली लागली, आणि त्यांच्या हाती थेट ही पुढचीच आली.

"पावसापायी थांबलाच होता ना तो? मग झालं तर! नदी ओलांडणं शुभ आहे. जाऊ दे त्याला."

पुढचं त्यांनी आजच देऊन टाकलं.

लाकडं खालच्या वळणावर सापडली. माणूस सापडला नाही.

युएशिन डोक्याला सुतकाचं पांढरं फडकं बांधून आली. तिनं गुरुजींचं बोट धरून माझ्यावर टेकवलं.

"आता सांगा. कुठली बाजू?"

गुरुजी चाचपत राहिले. या बाजूनं, मग त्या बाजूनं.

त्यांनी मला धक्क्याखाली भिरकावलं. मी इथं चिखलात आहे. वर नवं नाणं आलंय, आणि लोक त्याच्यावरही अंगठा घासू लागलेत.

मित्रांनो, ज्याला मान देता, त्याची झीजही बघत चला. आणि कुणी "सारखीच दिसतात की" म्हणालं, तर त्याला गप बसवण्याआधी एकदा पुन्हा चाचपून पाहा. युएशिनच्या नवऱ्यासाठी कुणी तेवढंही केलं नाही.