पातळ आत, जाड वर

चंद्राबाईने दोरीवरचे कपडे पुन्हा एकदा मोजले. एक कुडता, एक सलवार, एक ओढणी. काल सून शिवणक्लासला निघाली तेव्हा तिच्या अंगावर आत पांढरा कुडता होता, त्यावर निळा, वर स्वेटर. चंद्राबाईने स्वतःच्या डोळ्यांनी गळ्यापाशी तीन काठ पाहिले होते. पांढरा धुऊन दोरीवर आला होता. निळ्याचा पत्ता नव्हता. दिवाळीत घेतलेला पिवळा तर गेल्या आठवड्यापासूनच दिसला नव्हता.

सेजल चुलीशी भाकऱ्या थापत होती. चणीने इतकी लहान, की पाठमोरी पाहिली तर शाळकरी पोर वाटावी. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पहिल्या एसटीने पोलादपूरमार्गे महाडला क्लासला जायची. वाडी डोंगरात, त्यामुळे पौषात सकाळी हातपाय गारठतात आणि अंगावर चार कपडे चढवले तर कुणाला नवल वाटत नाही. महाडात मात्र दुपारी स्वेटर घालून हिंडेल तो वेडाच.

"काल निळा कुडता घातलेलास ना गो?"

"हो, आई. तिथं उकडलं म्हणून काढला. राहिला क्लासात."

"आणि पिवळा?"

"तोही तिथंच असेल."

सेजलने मान वर केली नाही. मग एकदम उत्साहाने सांगायला लागली, "आमच्या निशिगंधा मॅडम सांगतात, ठेंगण्या बाईनं ढगळ घालू नये, त्यात ती बुडून जाते. अंगालगत पातळ, वर जरा जाड, सगळं एकाच रंगातलं. जाकीट कमरेपाशी संपलं पाहिजे. म्हणजे पाय लांब दिसतात."

"पाय लांब दिसून जायचंय कुठं तुला?"

सेजल हसली, पण तव्यावरची भाकरी करपली. भाकऱ्या थापतानासुद्धा तिच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या होत्या, काठांना पीठ लागलं होतं. ओंकार मुंबईहून येऊन गेला की आठ-दहा दिवस तिच्या बाह्या अशाच खाली असायच्या. बाह्या कशाला खाली येतात हे चंद्राबाईला कुणी शिकवायला नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने आजवर त्या विषयाला हात घातला नव्हता.

ओंकार चंद्राबाईचा एकुलता एक लेक. गेल्या साली सेजल पिशवी भरून माहेरी गेली आणि दोन महिने आली नाही. तेव्हापासून त्याने घरातल्या सगळ्या पिशव्या कपाटात कोंडून किल्ली मुंबईला नेली होती. सेजलची बारावीची मार्कशीट आणि आधार कार्ड त्याने आईच्या ताब्यात दिलं होतं. ते तांदळाच्या डब्यात तळाशी होतं. "बॅगच नाय तर जाईल कुठे?" असं तो म्हणायचा. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, आज काय घालून गेली, हातात काय होतं. चंद्राबाई सांगायची, "नेहमीचंच. हात मोकळे होते."

आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुवारी सेजल पाण्याला गेल्यावर चंद्राबाईने तिची ट्रंक उघडली. वर लग्नाचा शालू, त्याखाली दोन साड्या, नीट घडी घातलेल्या. तिने खाली हात घातला. हाताला लागलं ते जुनं गोणपाट, फाटकी चादर, तिचीच टाकून दिलेली चोळी. सगळ्याच्या सुबक घड्या घालून ट्रंक भरल्यासारखी केली होती.

चंद्राबाई तिथेच बसली. आधी राग आला. आपण रोज डोळ्यात तेल घालून बसायचं आणि ही बया आपल्या नाकासमोरून, अंगावर चढवून, एकेक कपडा करून घर रिकामं करतेय. मग भीती वाटली. सून गेली तर लेक जाब आपल्याला विचारणार, आणि या घरात आपण एकट्या राहणार.

तिने ट्रंक बंद केली. चाळीस वर्षांपूर्वी तीही निघाली होती. गाठोडं काखेत मारून पोलादपूरच्या स्टँडपर्यंत पोहोचली होती. ते गाठोडं साऱ्या खोऱ्याने पाहिलं. गाडी सुटायच्या आत दीर, भिकू, तिला न्यायला हजर. परत आणल्यावर नवऱ्याने, गोमाजीने, काय केलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. तोही आता नाही. हिने गाठोडंच बांधलं नाही. पोरगी दिसते तेवढी लहान नव्हती.

संध्याकाळी फोन आला.

"आई, उद्या तिला क्लासला पाठवू नको. मी दुपारपर्यंत येतोय."

"का रे?"

"वाडीतला पांडू सांगत होता, ती त्या मॅडमच्या घरी जाते म्हणून. बंद करून टाकतो क्लास. तिला काय बोलू नको तू."

"बरं," चंद्राबाई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सेजल तयार होऊन ओटीवर आली आणि चंद्राबाई दारात उभी राहिली. पोरगी आज पिंपासारखी दिसत होती. बहुतेक शेवटची खेप होती, उरलंसुरलं सगळं अंगावर चढवलेलं.

"थांब गो."

सेजल जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

चंद्राबाईने तिच्या जाकिटाची चेन खाली ओढली. आत जाड स्वेटर, त्यावर दोन कुडते कोंबलेले.

"जाड आत घातलंस. कमरेला फुगलंय सगळं. समोर बयाबाई ओट्यावर बसलीय, ती काय आंधळी हाय? पातळ आत, जाड वर. मॅडमनी शिकवलं ना?"

चंद्राबाईनेच तिला दाराआड घेऊन जाकीट काढलं, कुडते उतरवले, आतला स्वेटर काढला आणि कुडते पुन्हा खाली सारखे केले. बाही वर सरकली तेव्हा तिने त्या मनगटाकडे पाहिलं आणि बाही हलक्या हाताने खाली केली. मग आत गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. दोन्ही कुडत्यांच्या मध्ये तिने ती पाठीशी सरळ बसवली. वरून स्वेटर, जाकीट.

"कागद फुगत नाय," ती म्हणाली. "तो दुपारी येतोय. महाडात रेंगाळू नको. वीरच्या रेल्वे स्टेशनात जा, मिळेल ती गाडी धर."

"आई, मी रत्नागि—"

"मला सांगू नको. खोटं बोलता येत नाय मला."

सेजल पाया पडायला वाकली, पण इतक्या कपड्यांत तिला नीट वाकता येईना. चंद्राबाईने तिला तशीच उठवली आणि दाराबाहेर ढकलली.

"क्लासला काय गो?" बयाबाईने समोरून विचारलं.

"हो," सेजल म्हणाली आणि हात हलवत, रोजच्यासारखी, उतारावरून खाली गेली. बारीकच दिसत होती.

एसटीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी चंद्राबाई दारातच होती. आत वळली तर घर केवढं तरी मोठं वाटलं. तिला रडू आलं, ते तिने पदराने पुसलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, निघालोय मी. ती घरीच आहे ना?"

"हाय. अंगात कणकण हाय तिच्या. पडलीय पांघरून."

"फोन दे तिला."

"आत्ता डोळा लागलाय. थंडी बघ केवढी हाय. आल्यावर बोल काय ते."

मग त्याने विचारलं, "घातलंय काय तिने?"

चंद्राबाईने रिकाम्या दोरीकडे पाहिलं.

"नेहमीचंच," ती म्हणाली.