घरातलं कोण गेलं

रोह्याच्या त्या कचेरीच्या व्हरांड्यात बाक एकच होता. तक्रार करणारा, ज्याच्यावर तक्रार झाली तो, आणि दोन्हीकडचे साक्षीदार, सगळ्यांनी त्याच बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघायची. पोलिसाची चौकशी पोलीसच करणार. मात्र ती ओळखीदेखीच्या माणसाकडे जाऊ नये म्हणून दुसऱ्या भागातला अधिकारी नेमायचा. म्हणून खाडीकाठचं हे प्रकरण रोह्याला इन्स्पेक्टर महाडकरांपुढे आलं होतं.

मृणाली बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. तिचे वडील, खारमाची चौकीचे हवालदार गुणाजी घरत, आत होते. आत त्यांना नावानं कोणी हाक मारत नव्हतं. कागदोपत्री ते 'कसूरदार' होते.

सकाळी पेणच्या स्टँडवरच त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "गाडीत माझ्याजवळ बसू नको. पढवून आणलीय म्हणतील."

पढवलं तर होतंच. आठवडाभर रोज जेवताना तेच चाललं होतं. "एवढंच सांगायचं. आईच्या दहाव्याला बाबा शेवटपर्यंत काठावर होते. बास. त्यापुढं एक शब्द नाय."

"पण बाबा, तुम्ही मधे गेला होतात."

"गेलो होतो ते मला ठाऊक हाय. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, मृणाल. तुझ्या आईनं ज्या खोलीत डोळे मिटले ती खोली सोडावी लागेल. चालेल तुला?"

ते तिला चालणार नव्हतं. आईचं लुगडं अजून त्या खोलीतल्या दांडीवर तसंच होतं. ती हो म्हणाली होती.

प्रकरण एवढंसं होतं. धरमतरच्या धक्क्याला लागलेल्या बार्जमधून डिझेल चोरीला गेलं. मालकाच्या माणसांनी मिठागरावरचा काळुराम संशयावरून धरला आणि चौकीत आणून बसवला. संध्याकाळी तो सुटला, तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. डिझेल चोरणारा पुढं दुसराच कोणी निघाला. काळुरामला आणल्याची नोंद चौकीत कुणी केलीच नव्हती. त्यामुळं आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं, त्या दुपारी गुणाजी हवालदार चौकीत होते की नव्हते.

"बस नीट गो," बाकावरची बाई म्हणाली. "टोकावर काय बसलीस कोंबडीसारखी? मी काय चावतंय?"

ती काळुरामची बायको रंभा, हे मृणालीला माहीत होतं. रंभेला मात्र ही कोण ते माहीत नव्हतं.

"तू कोनाची गो?"

"पेणची."

"पेन मोठा हाय. पेनेत कोनाची?"

"शाळेत शिकवते मी."

"अगो बाय, मास्तरीन! मंग तुझा हतं काय काम?"

"आहे थोडं."

"पोलिसांकडं थोडा काम कवा नसतं." रंभा आपल्याच बोलण्यावर हसली, पदराखालचं फडकं सोडलं आणि तांदळाची भाकरी मोडून अर्धी मृणालीच्या हातावर ठेवली. वर सुकटाची चटणी. "खा. तोंड सुकलाय तुझा."

मृणालीनं भाकरी घेतली. नाव सांगायची वेळ तेव्हाच होती. तिनं घास घेतला आणि ती वेळ घालवली.

आतलं बोलणं खरं तर बाहेर यायला नको. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकू नये, म्हणून तर दार लोटलेलं होतं. पण काळुरामला ऐकू येत नव्हतं, त्यामुळं इन्स्पेक्टरांना ओरडावं लागत होतं, आणि तोही बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानंच बोलत होता. फुटलेल्या कानामुळं सगळी चौकशी व्हरांड्यात ऐकू येत होती.

"तुम्हाला मारलं कशावरून?"

"आं? या कानात बोला साहेब. डावा बंद झाला."

"कशावरून मारलं?"

"मी इचारला म्हनून."

"काय विचारलंत?"

"हवालदार चौकीत आला तवा त्याचा डोका भादरलेला. ताजा. कानामागं साबन सुकलेला. मी इचारला, दादा, घरातला कोन गेला?"

काळुरामला वाटलं असावं, आपलं काही चुकलं. तो समजावू लागला, "आमच्यात इचारतात साहेब. भादरलेला मानूस बघून गप रहावत नाय. मंग त्यानी मारली. एक मारली न् मंग थांबलाच नाय."

"डिझेलबद्दल काय विचारलं?"

"त्यानी कायच नाय इचारला. चोरीचा मागनं दुसऱ्या शिपायानं इचारला."

"बघ," रंभा पुटपुटली. "चोर म्हनून धरलेला मानूस. गप बसावा का नाय? याला लोकांच्या घरातला मेलेला पायजे."

मृणालीच्या तोंडातला घास तसाच राहिला.

साबण तिनं पाहिला होता. त्या सकाळी खाडीच्या काठावर न्हाव्यानं बाबांचं डोकं केलं, तेव्हा उजव्या कानामागं फेसाचा एक पट्टा राहिला होता. पदरानं पुसावा असं तिच्या मनात आलं होतं. पण बापाच्या त्या उघड्या, पांढऱ्या पडलेल्या डोक्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. मग पिंड ठेवला. कावळे समोरच्या खारफुटीवर बसून होते, एकही खाली उतरेना. काशीबाई आत्या एकेक कबूल करत होती, "वहिनी, पोरीला सांभाळू गो, घर सांभाळू." कावळा हलला नाही. सगळे बाबांकडे बघू लागले. नवऱ्यानं काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात बांधावर मोटरसायकल आली, चौकीत माणूस धरलाय म्हणून, आणि बाबा उठले. "आलोच," म्हणाले. विधीला बसलेला नवराच पिंड टाकून निघून गेला.

लोक म्हणाले, पोलिसाची नोकरी, काय करणार. तिनंही तेच धरून ठेवलं होतं. आज तिला कळलं की चौकीत त्यांना पहिला माणूस भेटला तो नेमकं 'घरातलं कोण गेलं' हेच विचारणारा.

आत आता गुणाजींची पाळी होती. कसूरदाराला स्वतः उलटतपास घ्यायची मुभा असते.

"त्या दिवशी मी विधीला बसलो होतो, असं म्हटलं तर?"

"असशील दादा," काळुरामचा आवाज आला. "पन मंग चौकीत कोन होता?"

दार उघडलं. शिपायानं पुकारा केला, "कसूरदाराची साक्षीदार, मृणाली गुणाजी घरत!"

रंभेनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या भाकरीकडे. शिवी दिली असती तर मृणालीला बरं वाटलं असतं. रंभेनं नुसता हात पुढे केला.

"द्या तो तुकडा इकडं," ती म्हणाली. "साहेबापुढं खरकट्या हातानी जाऊ नका."

आत टेबलापलीकडे महाडकर, बाजूला लिहून घेणारा रायटर. काळुराम भिंतीशी उभा. बाबा युनिफॉर्ममध्ये, टोपी काखेत. केस आता वाढले होते. साक्षीदार त्यांचा, म्हणून पहिले प्रश्नही त्यांनीच विचारायचे. त्यांनी ते कागदावर लिहून आणले होते.

"साक्षीदारानं सांगावं," त्यांनी वाचलं, "की तुमच्या आईच्या दहाव्या दिवशी कसूरदार कुठं होते."

आयुष्यात पहिल्यांदा ते तिला 'तुम्ही' म्हणत होते.

"काठावर," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "शेवटपर्यंत होते का?"

तिनं त्यांच्या उजव्या कानाकडे पाहिलं. "पिंड ठेवेपर्यंत होते. मग मोटरसायकल आली. कावळा शिवत नव्हता. ते गेले."

रायटरचं पेन थांबलं. महाडकरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही यांच्या बचावाच्या साक्षीदार आहात, हे कळतंय ना?"

"हो. ते परत आले तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला होता. आम्ही भांडी आवरत होतो. आल्यावर ते पाण्यात उतरले आणि बराच वेळ हात धूत राहिले." ती थांबली. "आणि कानामागं साबण होता. मी पाहिला होता."

"आणखी काही विचारायचंय, घरत?"

गुणाजी हातातल्या कागदाकडे बघत होते. त्यावर अजून प्रश्न होते. "नाय साहेब," ते म्हणाले. मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "कावळा येत नव्हता. मला तिथं बसवंना."

"हे लिहू?" रायटरनं साहेबांना विचारलं.

"लिही," महाडकर म्हणाले.

सगळं पुन्हा वाचून दाखवलं. तिनं सही केली. बाप शेजारी उभा असताना त्याच्याविरुद्धच्या कागदावर सही करायची, आणि पेनही त्याच्याच खिशातलं, कारण टेबलावरचं रायटर सोडत नव्हता.

निकाल पुढं अलिबागहून येणार होता. पेणला जाणारी गाडी मात्र आत्ता एकच होती. गुणाजी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एकटे बसले. तिला शेजारी बसू नको असं आता त्यांनी सांगितलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. मधली बाकं भरलेली. मागं रंभा आणि काळुरामच्या बाकावर तेवढी जागा होती. मृणाली दांडी धरून उभी राहिली.

नागोठण्याच्या पुढं कंपनीची शिफ्ट सुटलेली माणसं चढली, तेव्हा रंभा सरकली. "बस. पडशील."

मृणाली बसली. पुढच्या बाकाची दांडी धरत म्हणाली, "मी मघाशी नाव सांगायला हवं होतं."

"खरा बोललीस म्हनून याचा कान काय उघडत नाय," रंभा म्हणाली.

"नाही."

"तुझ्या बापाची नोकरी गेली तरी नाय उघडत."

वडखळ जवळ आलं तसा मिठाचा वारा खिडकीतून आत आला. पलीकडून काळुराम वाकला, दोघींकडे बघत बायकोला म्हणाला, "काय म्हनतंय ती? हवालदाराच्या घरातला कोन गेलता?"

"गप रे तू!" रंभा खेकसली. मग मृणालीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "सांग त्याला. नायतर पेनेपर्यंत इचारीत बसंल. उजव्या कानात सांग. मोठ्यानं लागतं."

मृणालीनं पुढं पाहिलं. बाबांची पाठ ताठ झाली होती. ते ऐकत होते. गेल्या वर्षभरात त्या दोघांनी हे वाक्य एकमेकांना एकदाही म्हटलं नव्हतं.

ती काळुरामच्या उजव्या कानाशी वाकली. पहिल्यांदा तो नुसता "आं?" म्हणाला. दुसऱ्यांदा सगळ्या गाडीला ऐकू गेलं.

"आई," ती म्हणाली. "माझी आई गेली."