खंबीर मनाचं वेळापत्रक

वहिनींचा उभा जन्म लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेला होता आणि त्यांच्या निवृत्त मुख्याध्यापक नवऱ्याचा अक्कल पाजळण्यात. त्याच्या धाकट्या बहिणीचे सांधे सुजले आणि पाठोपाठ तिचं मनही खचलं, तेव्हा वहिनींनी तिचा रिपोर्ट त्याच्यापुढे धरला. "हिचं शरीर आतून लढतंय. त्याचा परिणाम मेंदूवरही होतो, म्हणून ती अशी गप्प झालीय. डॉक्टरच म्हणाले."

"थेरं आहेत नुसती! रक्ताचा आणि मनाचा काय संबंध?" असं म्हणून त्याने सुवाच्य अक्षरात वेळापत्रक लिहिलं आणि बहिणीच्या पलंगासमोर डकवलं. पाचला उठणे. साडेपाचला पंचवीस बैठका. रडणे बंद. सुजलेल्या गुडघ्यांना बैठका! एवढी अक्कल चालवायला मुख्याध्यापकच लागतो.

आठ महिन्यांनी त्याने फ्लूची लस टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी जरासा ताप आला आणि स्वारी पडदे ओढून आडवी. भाषणं बंद, जेवण नको. "कशातच राम राहिला नाही गं," म्हणत चक्क मुसमुसायला लागला.

"अहो, मन खंबीर करा," वहिनी म्हणाल्या.

"मनाला काय धाड भरलीय!" तो खेकसला. "लसीमुळे शरीर आतून लढतंय, म्हणून असं होतंय. एवढंही कळत नाही तुला?"

बहीण दारातच उभी होती. ती लंगडत आत आली, भिंतीवरून काढून आणलेलं वेळापत्रक तिने त्याच्या उशाशी डकवलं आणि म्हणाली, "दादा, बैठका राहिल्यात."