शुक्रवार सोडून रोज

नवऱ्याची साखर उतरली की बायकोला आनंद व्हायला हवा. मला संशय आला.

डॉक्टरांनी चालायला सांगून वर्ष झालं, तरी तात्या कोथिंबीर आणायलाही रिक्षाने जायचे. आणि आता दिवाळीपासून रोज सकाळी बूट चढवून पसार! गुडघे कुरकुरायचे थांबले, रात्री गाढ झोप लागायला लागली, माझ्या बोलण्यावर चिडेनासे झाले. पुण्याला केदारकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, कायमचं राहायला जायचं मी ठरवलं, भांडी बांधायला घेतली, तर हसून म्हणाले, "बरं." जन्मात माझं कधी असं सरळ ऐकलं होतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात शेजारची गोदू म्हणाली, "वहिनी, मी रोज तळ्यावर फेऱ्या मारते. तात्या न्हाय दिसले कधी." मला तर हे तळ्यावरच जातो म्हणून सांगत. शिवाय शुक्रवारी फिरायला सुट्टी. आमच्या भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. म्हणजे कुणी बाई आहे, तिचा नवरा लूमवर असणार आणि शुक्रवारी घरी. माझं सगळं जुळलं. रडूही आलं. या वयात मला टाकलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

बुधवारी डोक्यावरून पदर घेतला आणि मागोमाग गेले. तात्या तळ्याकडे न वळता कारखान्यांच्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये असा. तिथेच ते हातवारे करत भराभरा येरझारा घालत होते. ओठ हलत होते, पण सोबत कुणी नाही, कानाला फोन नाही.

माझं माहेर इथलंच, शेजारच्या शेलार गावचं. लग्नाआधी मी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. त्या आवाजात आम्ही पोरी एकमेकींचे ओठ बघूनच गप्पा मारायचो. हे तात्या विसरले असावेत. चहाच्या टपरीआड उभी राहून मी बघायला लागले.

पहिलाच शब्द, "अनसूये."

"अनसूये, गप्प बस! आता मी बोलणार. पुण्याचं तूच ठरवलंस. मला विचारलंस? तिथे माझं कोण आहे? भीती वाटते गं मला."

गल्लीच्या टोकाला वळले की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला चेहरा थोडा सैल व्हायचा. म्हणजे बाई होतीच. मीच होते ती.

घरी आल्यावर म्हणाले, "काय गार हवा होती तळ्यावर!" मी चहा दिला.

शुक्रवारी सकाळी चपला घालून मी दारात उभी राहिले. "चला, फिरायला."

"आज?" तात्या गडबडले. "आज तर लूम बंद असतात." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"म्हणूनच म्हणते, चला," मी म्हणाले. "काय ते बोला. आज मला ऐकू येईल."