पडद्यावर पुसलेला डाग

सुरतच्या लिंबायतमध्ये दर गुरुवारी स्कॅनमहाराजांच्या दुकानाबाहेर पाय ठेवायला जागा नसे. आत रोगी पाटावर बसे, महाराज त्याच्या पाठीवर मोरपीस फिरवत आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर छाती उमटे. फासळ्या, फुफ्फुसं आणि फुफ्फुसात लालभडक डाग. महाराज डोळे मिटून पुटपुटत, एक बोट माउसवर अलगद दाबत आणि डाग गायब होई.

"जुओ भाई, डाघ गयो ने? मशीन खोटं बोलेल का? बाहेर अमेरिका, आत हिमालय. गोळ्या बंद, तीर्थ चालू."

अमेरिका आणि हिमालय एवढ्याशा गाळ्यात कसे मावले, हे कुणी विचारत नसे. लोक हात जोडत.

भाईदासनंही जोडले होते. त्याला टीबी होता. यंत्रमागावर उभं आयुष्य गेलेल्या या माणसानं डाग पुसलेला पाहिला आणि सरकारी दवाखान्याच्या गोळ्या टाकून दिल्या. खोकला मात्र वाढतच गेला. त्याची मुलगी धनश्री दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. काही करून बापाच्या गोळ्या परत सुरू करायच्या, म्हणून एका गुरुवारी ती त्याच्यासोबत दुकानात आली.

पडद्यावर छाती आली, महाराजांनी डाग पुसला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खांद्याच्या हाडाशी धातूची पांढरी पट्टी होती, मोडलेलं हाड जोडायला बसवतात तशी.

"आप्पा, तुमचं हाड कधी मोडलं होतं?"

"नही बेटा."

"ती गुरुकृपेची रेघ आहे," महाराज म्हणाले. "भक्तांनाच उमटते."

"आमच्या आधी पाटावर बसलेल्या मावशींच्या छातीतही तीच होती. ही आप्पांची छातीच नाही." धनश्री लोकांकडे वळली. "डॉक्टरांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना प्रोग्रॅमचा एक आयता सांगाडा फुकट मिळतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला. चित्र उघडणं, डाग रंगवणं, रंग लपवणं, सगळं त्यात तयार असतं. सरावापुरतं कुणा अनोळखी माणसाचं चित्रही सोबत येतं. आम्ही त्याच्यावरच काम शिकलो. तेच हे."

महाराज उठायच्या आत तिनं माउस दाबला. डाग आला. पुन्हा दाबला, गेला. पुन्हा दाबला, आला.

तिला वाटलं, आता लोक महाराजांना धरतील. लोकांनी तिलाच धरलं.

"पोरीनं बापाचा डाग परत आणला," कुणीतरी ओरडलं. तिला ढकलत रस्त्यावर काढलं.

घरी भाईदास म्हणाला, "आमना कारखानामा कंप्युटरवर फूल पुसं का साडीमाबी येत नही. मंग डाग का नही जावाव?"

धनश्रीला बापाची चूक तेव्हा कळली. लूमवरच्या माणसानं रोज डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती ती. त्याला अडाणी म्हणायची तिला लाज वाटली.

"आप्पा, फूल पुसल्यावर पुढचं कापड बदलतं. विणून झालेल्या साडीतलं फूल जातं का?"

"नही जात," भाईदास म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून दवाखान्यात गेला.

पण उशीर झाला होता. मधेच सोडलेल्या गोळ्यांना आता जंतू दाद देत नव्हते. दुसरी औषधं होती, जास्त कडक. डॉक्टरांनी ती लिहून दिली, खात्री मात्र दिली नाही. भाईदास अंथरुणाला खिळला.

पुढच्या गुरुवारी धनश्रीला रांगेत आई दिसली, शोभाबाई. हातात नवऱ्याचा सदरा होता. महाराज आता कपड्यावरूनही स्कॅन काढत.

"माय, तुला सगळं समजलंय ना?"

"समजनं. पन डॉक्टर तोंड पाडीसन बोलस. हाऊ महाराज तरी बरं व्हई म्हनस."

धनश्रीला रडू आलं. तरी ती रांगेच्या टोकापासून निघाली आणि एकेकाला सांगत गेली, "पडद्यावर चित्र दिसलं की आधी विचारा, हे कुणाचं आहे? कधी काढलं, कोणत्या यंत्रानं? ते कळेपर्यंत गोळ्या सोडू नका."

कुणी मान वर केली नाही. आत माउस दाबला गेला, कुणाचा तरी डाग पुसला गेला, आणि रांगेबरोबर शोभाबाई एक पाऊल पुढे सरकली.