सिंधुबाईचा दगड किती वर गेला

नांदूरघाटच्या वनिताला वर्गसमीकरणाचा राग यायचा तो एकाच कारणानं. गणित एक आणि उत्तरं दोन. बाकीच्या गणितांशी तिचं बरं जमलं होतं, पण इथं आलं की ती अडायची. नववीत असताना लग्न झालं, शाळा तिथंच सुटली. आता पोरगी अंबाजोगाईला शिकायला गेल्यावर तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. दर रविवारी केजहून दीपमालाताई जीपनं यायच्या आणि बुद्धविहारात तिच्यासारख्या बायांना शिकवायच्या.

त्या रविवारी ताईंनी फळ्यावर वर फेकलेल्या चेंडूचं गणित घातलं. चेंडू पंधरा मीटर उंचीवर कधी असेल? उत्तरं आली एक सेकंद आणि तीन सेकंद.

"ताई, ह्यातलं खरं कोणतं?" वनितानं विचारलं.

"दोन्ही खरी."

"एकच चेंडू हाय की पर!"

दीपमालाताई हसल्या. "कसं ते तुम्हीच शोधून आणा. पुढच्या रविवारी सांगा मला."

वनिता दोन दिवस ते डोक्यात घोळवत राहिली. भाकरी थापतानाही तेच.

ज्वारी हुरड्यात आली होती. शेतातल्या माळ्यावर तिची सासू सिंधुबाई गोफण घेऊन पाखरं राखत होती. साठी उलटली होती, गुडघे बोलत होते, पण बाईचा हात अजून असा की गोफण फिरली की शेजारच्या रानातलीसुद्धा पाखरं उठायची. वनिता डबा घेऊन पोचली तेव्हा तिनं नुकताच एक दगड सोडला होता. दगड वर गेला, बारीक झाला, आणि मग पलीकडच्या मोकळ्या वावरात येऊन पडला. धप्प.

वनिताच्या हातातला डबा हातातच राहिला.

"आत्या, परत मारा."

"पाखरं उठली की आता."

"पाखरासाठी न्हाई. सरळ वर मारा. आभाळात."

"आभाळानं काय खाल्लंय माझं?" सिंधुबाई म्हणाली, पण सुनेच्या तोंडाकडं बघून माळ्यावरून उतरली. दोघी मोकळ्या वावरात गेल्या. वनितानं मोबाइलमधलं घड्याळ काढलं. दगड सुटला की बोट दाबायचं, पडला की दाबायचं. सिंधुबाईनं चार-पाच दगड फेकले. दर वेळी सहा सेकंदांच्या अल्याड-पल्याड.

वनिता बांधावर बसली आणि काडीनं मातीत लिहायला लागली. सहा सेकंदांतले तीन जायला, तीन यायला. वर जाताना दर सेकंदाला वेग दहानं कमी होतो; तीन सेकंदांत सगळा संपला म्हणजे निघताना तो तीस होता. मग कोणत्याही वेळची उंची म्हणजे तीस गुणिले वेळ, वजा पाच गुणिले वेळेचा वर्ग. वेळ तीन घातली. नव्वदातून पंचेचाळीस गेले.

"पंचेचाळीस मीटर," ती हळूच म्हणाली.

"म्हंजी किती?"

वनितानं गावाकडं बोट केलं. घरांच्या वर पाण्याची टाकी उभी होती. तिचा नवरा विलास ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता. मागं रंग द्यायच्या वेळी त्यानंच वरून दोर सोडून टाकी मोजली होती. "ती पंचवीस हाय. तिच्या डोक्यावर आणिक तशीच एक टाकी ठिवली, तर त्या वरच्या टाकीच्या गळ्यापस्तोर तुमचा दगड जातो."

सिंधुबाई टाकीकडं बघत राहिली. पोरवयापासून ती गोफण फिरवत आली होती. दगड कुठं पडतो एवढं तिनं बघितलं होतं. कुठवर जातो हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही नाही.

"वरच्या टाकीच्या पार डोक्यावर न्हाई का जात?"

"बघू." वनितानं पन्नास घालून समीकरण मांडलं. विवेचक काढला. छत्तीस वजा चाळीस. उणे चार. तिची काडी थांबली. उणे आला की उत्तर नाही, हे तिनं घोकून पाठ केलं होतं. ते उणे असं बोलत असतं हे तिला आज कळत होतं. "न्हाई आत्या. पन्नासाला ह्याचं उत्तरच न्हाई. तिथं तुमचा दगड कधीच नसतो."

सिंधुबाई वाकून मातीतल्या आकड्यांकडं बघू लागली. "आन् ह्या रेघोट्यांला कसं कळतं गं, माझ्या हातात किती बळ हाय ते?"

वनितानं आता पंचवीस घातले, टाकीची उंची. अवयव सहज पडले. उत्तरं आली एक आणि पाच.

एका सेकंदाला दगड टाकीएवढा उंच असतो, जाताना. पाचव्याला पुन्हा तेवढाच उंच असतो, येताना. दगड एकच. उंची एकच. पण तो तिथून दोनदा जातो, आणि समीकरण दोन्ही वेळा सांगून टाकतं. विचारणाऱ्याला एकच हवं असलं तरी.

"आत्या," ती म्हणाली, "मला हे टाकीवरून बघायचंय."

विलास आधी ऐकेना. "सरपंचानं बघितलं तर? आन् माय खाली उभी ऱ्हाणार, दगड तिच्याच टाळक्यात पडला तर?"

"माझ्या टाळक्याचं मी बघते," सिंधुबाई म्हणाली. "तू जिन्याचं कुलूप काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरं यायच्या आत, तिघं गायरानातल्या टाकीपाशी गेली. सिंधुबाईनं डोक्यावर पदराची चुंबळ करून लोखंडी घमेलं पालथं घातलं होतं. विलासला हसू आवरेना. वनिता जिना चढली. कठड्याला घट्ट धरून तिनं खाली बघितलं, तर सासू मुठीएवढी दिसत होती आणि घमेलं चमकत होतं. पलीकडं ज्वारीची रानं, त्यामागं बालाघाटचे डोंगर.

पहिला दगड तिरका गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी सिंधुबाईनं पाय रोवले, गोफण फिरवली, आणि दोरी सुटल्याचा कडाड आवाज आला.

वनितानं बोट दाबलं. दगड खालून तिच्याकडं यायला लागला. बघता बघता तो तिच्या डोळ्यांसमोर आला, कठड्यापासून दहा-बारा हातांवर, एवढा स्पष्ट की त्याची खडबडीत पाठ दिसली. तिनं बोट दाबलं. तो वर गेला. तिनं मान वर केली. दगडाचा वेग गळत चालला होता. तो दाण्याएवढा झाला, मग ठिपका, आणि मग निळ्या आभाळात ठिपका नुसता राहिला. ना वर, ना खाली. वर नेणारा वेग संपला होता आणि खाली आणणारा अजून लागायचा होता. गावावर, रानावर, सगळ्यांच्या डोक्यावर सिंधुबाईचा दगड क्षणभर कुणाचाच नव्हता.

मग तो परत निघाला. तिच्या डोळ्यांसमोरून, गेला होता त्याच उंचीवरून, त्याच जोरानं खाली गेला. तिनं बोट दाबलं.

"किती आलं?" खालून विलास ओरडला.

वनितानं मोबाइल बघितला. पहिला आकडा एकाच्या जरासा पुढं, दुसरा पाचाच्या जरासा मागं. मातीत काडीनं जे लिहिलं होतं तेच आभाळात घडलं होतं, आणि घडायच्या आधी लिहिलं होतं.

"अगं दिसला का न्हाई?" सिंधुबाईनं घमेलं वर करून विचारलं.

"दिसला आत्या! दोनदा दिसला!"

रविवारी तिनं ते विहारात सांगितलं तेव्हा दीपमालाताईंनी खडू खाली ठेवला. "मी इतकी वर्षं हे शिकवते," त्या म्हणाल्या, "पण उभं राहून कधी बघितलं नाही. चला."

सगळ्या बाया गायरानात गेल्या. सिंधुबाईला आता मानाचं वाटत होतं. तिनं दगड निवडायलाच बराच वेळ लावला. मग वनिताला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली, "तरणी होते तवा लई वर जायचा गं. ते काढता येईल का?"

"किती वेळ लागायचा ते मोजलेलं असतं तर आलं असतं, आत्या."

"कोन मोजणार तवा," सिंधुबाई म्हणाली. तिनं दगड गोफणीत बसवला. "आता मोज."

तिनं गोफण फिरवली. दगड सुटला आणि सगळ्या बायांच्या माना त्याच्यामागं वर गेल्या. दगड वर वर जात राहिला.